खवट

रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण जिना उतरलोच नाही. म्हणजे पाय उतरले होते, हात कठड्यावरून घसरत आला होता, दुसऱ्या मजल्यावरची सैल फरशी नेहमीसारखी वाजली होती. पण जिना मधे लागला नव्हता. एरवी हा जिना तिने डोळे मिटून, नुसत्या वासावर सांगितला असता. स्वतःच्या दारातून बाहेर पडताना सासूबाईंच्या गुडघ्याचं मलम, त्याच्या खाली दोन बिऱ्हाडांचे दोन कांदे, एक करपलेला आणि एक कच्चाच राहिलेला, मग शिंप्याच्या इस्त्रीखालचं ओलं कापड, आणि तळाशी टपालपेट्यांजवळ मांजरं आणि ओलं सिमेंट. आज यातलं काहीच नव्हतं. ती दाराशी क्षणभर थांबली आणि मनाशी जे म्हणाली ते त्या दिवसांत कोणीही म्हटलं असतं: मंदी, दुसरं काय.

शिंप्याने परवाच इस्त्री विकली होती. खालच्या दोन्ही घरांत तेल आता थेंबाने पडत होतं, आणि तेलावाचून कांद्याला वास सुटत नाही. मांजरांना कोणी उरलंसुरलं टाकत नव्हतं, ती दुसरीकडे गेली असणार. कोपऱ्यावरच्या बेकरीपुढे पावासाठी रांग होती, भट्टी पेटलेली दिसत होती, तरी हवेत पाव नव्हता. बेकरीवाला पिठात काय कालवत होता देव जाणे. रंगाचा कारखाना बंद, कातड्याचा बंद, विटांच्या भट्टीवर कुत्री झोपलेली. देशच्या देश मंदावला होता, मग हवेने तरी कोणासाठी भरून यावं? प्रत्येक वासाच्या गैरहजेरीला एकेक सबळ कारण होतं, आणि कारण सबळ असलं की विज्ञान शिकलेलं माणूस पुढे शोधत नाही. निदान तिने तरी शोधलं नाही. किती दिवस हे असं चाललं होतं, हेही तिला सांगता आलं नसतं. पडसं झालं होतं, ताप येऊन गेला होता, आणि त्याच सुमारास शहर गरीब झालं होतं.

साबणाच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर एक अरुंद खोली होती, आणि त्या खोलीत ती आणि आणखी एक बाई, अशा दोघी दिवसभर वास घेत. कारखाना त्यांना थोरली आणि धाकटी म्हणे. कामगारांनी ठेवलेली ही नावं साहेबांच्याही तोंडी बसली होती. चरबीचं किंवा तेलाचं पिंप आलं की त्यातलं थोडं बाटलीत घ्यायचं, कोमट करायचं, खात्रीच्या मालाच्या दोन बाटल्यांशेजारी ठेवायचं आणि तिन्ही हुंगायच्या. दोघींनी ठीक म्हटलं की थोरलीने भिंतीतली झडप उघडून खाली कढयांपाशी उभ्या असलेल्या मुकादमाला 'सोडा' म्हणायचं. एकीने जरी खवट म्हटलं तरी पिंप परत, कढया थंड, आणि त्या पाळीला त्या दिवसाचं काम नाही. नियम एकच होता आणि तो थोरलीनेच घातला होता: आधी धाकटीने बोलायचं. मोठं माणूस आधी बोललं की लहान माणसाचं नाक त्याच्या बोलण्यामागे फरफटत जातं, असं ती म्हणे, आणि तिचं खरं होतं.

त्या सकाळी तिने पहिली बाटली नाकाशी नेली. मग दुसरी. मग तिसरी. तिन्ही बाटल्यांत नुसती काच होती. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सावकाश, डोळे मिटून, वडिलांनी शिकवल्यासारखं. वडील औषधांच्या दुकानात पुड्या बांधायचे, आणि सहा-सात वर्षांच्या मुलीने बंद कपाटाबाहेर उभं राहून आत कापूर कुठल्या फळीवर आहे ते सांगितलं, तेव्हा त्यांनी दुकानमालकाला हाक मारून आणलं होतं. पुढे कॉलेजात, प्रयोगशाळेत, सगळे परीक्षानळ्यांच्या रंगाकडे बघत असताना तिला उत्तर आधीच कळलेलं असे, आणि ते लपवून ती मुकाट्याने सगळी कृती करत राही. तेच नाक आता चेहऱ्याच्या मध्यभागी होतं आणि त्याचं काही चाललेलं नव्हतं. धाकटी हात धुवायला बाहेर गेली तेवढ्यात तिने अमोनियाची बाटली उघडली. आत चांगलंच टोचलं, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्या पाण्याने क्षणभर आशा वाटली. पण टोचणं म्हणजे वास नव्हे. त्या नसा वेगळ्या. मंदी रस्त्यावर असते, दुकानांत असते, बंद बाटलीत शिरत नाही. एवढं झाल्यावर तरी हे कबूल करणं भाग होतं.

"ताई, घेतलात का?" धाकटी परत येऊन म्हणाली.

"घेतला. तू सांग."

धाकटीने तिसरी बाटली जराशीच उचलली. "ठीक आहे."

"ठीक," ती म्हणाली, आणि झडप उघडली.

"काय थोरल्या बाई, सोडू का? की अजून प्रसन्न नाही झालात?" खालून मुकादम ओरडला.

"सोडा."

इतकं सोपं होतं ते. आणि मग ते रोज तितकंच सोपं राहिलं. त्या आधीच्या किती दिवसांत आपण न हुंगताच 'ठीक' म्हणून गेलो असू, हा विचार ती जवळ येऊ देत नसे. सवयीने बाटली नाकाखालून फिरवायची, धाकटीने ठीक म्हणायचं, आपण ठीक म्हणायचं. सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण सांगायचं म्हणजे उद्यापासून घरी बसायचं. नवरा घरी बसलेलाच होता. तीन माणसांच्या घरात पगार आणणारं आता तेवढं एकच नाक उरलं होतं, आणि ते चालत नाही ही गोष्ट फक्त त्या नाकालाच माहीत होती.

नवरा लेथवर काम करायचा. लग्नानंतर पहिली ओळख झाली ती त्याच्या सदऱ्याशी: यंत्राचं तेल, तापलेलं लोखंड आणि मधेच कुठेतरी तो. कारखाना बंद पडला तेव्हा वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले होते, पण तिला मंदी कळली ती धुण्याच्या टोपलीत. दर धुण्याला सदऱ्यातलं तेल थोडं कमी होत गेलं, लोखंड आधी गेलं, तेल मागून, आणि शेवटी उरला नुसता सदरा. तेव्हा तिला रडू आलं होतं. आता तोही सदरा तिच्या नाकाला लागत नव्हता. अंथरुणात शेजारी एक ऊब असे आणि ती कोणाची आहे हे लक्षात ठेवावं लागे. खाण्यात खारट आणि आंबट एवढंच उरलं होतं. पाणी आणि रस्सा यांत फरक फक्त मिठाचा आणि गरमपणाचा. त्याने हल्ली स्वयंपाक हाती घेतला होता, आणि ताट वाढून तो समोर बसे, हातावर हनुवटी टेकून.

"ओळख. आज काय घातलं नाहीये?"

हा त्यांचा जुना खेळ होता. पूर्वी 'काय घातलंय' असा असे, मंदीत उलटा झाला होता. ती घरात शिरताना कचऱ्याच्या डब्याकडे नजर टाकून ठेवायला शिकली. लसणाची सालं नाहीत.

"लसूण."

"घ्या! आई, बघितलंस? हिच्यापुढे चोरी नाही करता यायची कोणाला."

"तुला करायचीये कशाला?" सासूबाई म्हणत. "गप जेव."

ती हसे. मग आत कुठेतरी एक लहानसं चाक गरगरायला लागे आणि झोपेपर्यंत थांबत नसे. बसल्या जागी पायाचा अंगठा हलत राही. रस्त्याने जाताना ती माणसांच्या तोंडाकडे बघू लागली होती: कोणाच्या नाकपुड्या आक्रसल्या, कोण गटाराजवळून पटकन पुढे गेलं, कोणी बेकरीच्या दाराशी जरा जास्तच रेंगाळलं. शहराचा वास तिला आता दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून वाचून घ्यावा लागत होता, आणि तो वाचताना जाणवत होतं की शहर काही गरीब वासाचं झालेलं नाही. ते होतं तसंच होतं. तेच तिला बाहेर ठेवून पुढे गेलं होतं.

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात एका लेथसाठी माणूस हवाय, अशी बातमी कोणीतरी आणली, तेव्हा नवऱ्याने सकाळी दोनदा आंघोळ केली. साबण तिच्याच कारखान्यातला. कापताना उरलेल्या कडा कामगारांना घरी न्यायला मिळत. मानेमागे, कानांमागे, नखांत त्याने तो घासघासून लावला. संध्याकाळी ती आली तर तो खिडकीशी बसला होता, बूट न काढता.

"काय झालं?"

"काही नाही. मॅनेजरने खुर्ची मागे सरकवली. मी कागद द्यायला पुढे झालो, त्याने आणखी सरकवली. थोडा वेळ आणखी मिळाला असता तर दोघं मिळून भिंत पाडून पलीकडे गेलो असतो."

"मग?"

"मग खिडकी उघडली त्याने. म्हणाला, कळवतो." तो बोटाने खिडकीच्या काचेवरचा डाग घासू लागला. डाग बाहेरच्या बाजूला होता. "खरं सांग. तुझ्यापासून काही लपत नाही. माझ्या अंगाला वास येतो का?"

तिने त्याच्या मानेपाशी तोंड नेलं. तिथे ऊब होती, खरखरीत दाढीची कड होती, नस उडत होती. ती जितका वेळ घेईल तितकं उत्तर खोटं होत जाणार होतं.

"नाही."

"नक्की?"

"अहो, मला नाही का कळणार?"

त्याने काचेवरून बोट काढून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे वासाचं काही नाही. म्हणजे मीच." आणि उठून बूट काढायला लागला. त्याच आठवड्यात आणखी एका ठिकाणी जायचं ठरलं होतं, तिथे तो गेला नाही.

दोन दिवसांनी तो पाव आणायला रांगेत गेलेला असताना सासूबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बशीत साबणाचा तुकडा होता, आणि ती बशी त्यांनी मेलेला उंदीर धरावा तशी अंगापासून लांब धरली होती.

"राग मानू नकोस हं, सूनबाई. पण हा साबण कसला गं करता तुम्ही?"

"का?"

"का म्हणून काय विचारतेस! तेलाच्या बुधलीच्या तळाशी चिकट साचतं ना जुनं, तसा मारतो. धुतलेलं पांघरूण तोंडावर घेववत नाही. बरेच दिवस झाले. पहिल्यांदा तो म्हणाला, मंदीचा साबण आहे, मंदीसारखाच असणार. मग त्याला सवय झाली. त्याला जन्मभर यंत्राच्या तेलात राहून कळतंय काय! आणि मला वाटलं, माझंच नाक म्हातारं झालं. तू रोज हाच लावतेस, चकार शब्द काढत नाहीस. म्हटलं, ही ठीक म्हणते तर ठीकच असेल."

तिने बशी हातात घेतली. तुकडा पांढरा, गुळगुळीत, निष्पाप दिसत होता. ती तो नाकाशी नेऊन उभी राहिली आणि सासूबाई तिच्याकडे निवाड्याची वाट बघितल्यासारख्या बघत राहिल्या. पंप कारखान्यातली खुर्ची आता तिला दिसत होती, तिचे चार पाय, फरशीवरून सरकताना होणारा आवाज. तो खुर्चीपुढे उभा राहिला होता तो तिच्या हातचा वास अंगावर घेऊन. आणि ती खुर्ची काही एकच नसणार. ज्या ज्या घरात आज एका वडीचे चार तुकडे करून पुरवून वापरत असतील, त्या घरातलं माणूस सकाळी स्वच्छ होऊन बाहेर पडत असेल आणि समोरचा खिडकी उघडत असेल.

"खरंय तुमचं," ती म्हणाली. "मी बघते."

दुसऱ्या दिवशी खोलीचं दार लोटून घेऊन ती धाकटीला म्हणाली, "माल खवट येतोय. आणि तुला माहीत आहे."

धाकटी बाटल्या पुसत होती. तिचा हात थांबला. पोरसवदा दिसायची, पण घरी आजारी वडील, दोन शिकणारे भाऊ. हसायची तेव्हाही कपाळावर एक आठी तशीच असायची.

"तुम्ही ठीक म्हणत होतात, ताई."

"आधी तू म्हणत होतीस."

"मी म्हणत होते कारण मागे तुम्ही होतात ना!" तिचा आवाज एकदम चढला आणि तिने तो लगेच खाली आणला. "सकाळी फाटकातून आत येते तर पॅकिंगच्या बायका म्हणतात, काय धाकट्या बाई, आज आम्हाला जेवू घालणार ना? हसत म्हणतात. पण म्हणतात. परत पाठवलं की त्या तशाच घरी जातात, मी वरून बघते. म्हणून मी ठीक म्हणायचे. वाटायचं, खरंच वाईट असेल तर ताई अडवतीलच. त्यांनी अडवलं तर ते माझ्यावर नाही. तुम्ही पहिल्यांदा ठीक म्हणालात, मला बरं वाटलं. दुसऱ्यांदाही. मग भीतीच वाटायला लागली. म्हटलं, आपलं नाक गेलं."

"तुझं नाही गेलं."

"मग तुम्ही कसं..."

"माझं गेलंय. त्या पडशापासून. मला काहीही येत नाही."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, अगदी वेडंवाकडं, थांबेनाच. तिने ओढणी तोंडात कोंबली. "म्हणजे ताई, इतके दिवस या खोलीत..."

"कोणीच नव्हतं," ती म्हणाली.

दुपारी साहेब वर आले. एरवी ते जिना चढत नसत. खुर्ची ओढून बसले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "कौतुक करायला आलोय. किती दिवसांत एक पिंप परत गेलं नाही तुमच्या खोलीतून."

"साहेब," ती म्हणाली, "माल चांगला येत नाहीये."

"ते मला सांगू नका, बाई. मी काय नाक घरी ठेवून येतो?" ते रागावले नव्हते, दमलेले दिसत होते. "चांगला माल परवडेल असं कोण राहिलंय? आणि तक्रार कुठे आहे? एक नाही. लोक साबण घेतात तेच नशीब. वरचे लोक म्हणत होते, ही खोलीच बंद करू. मी म्हटलं, राहू द्या, दोघी बिचाऱ्या कुठे अडवतात? दारावर पाटी आहे, बाहेरच्याला बरं दिसतं. तेव्हा चाललंय तसं चालू द्या. अडवायला लागलात, तर मग माझ्याच्याने काही व्हायचं नाही. स्पष्ट बोललो, राग नसावा." उठताना त्यांनी धाकटीच्या वडिलांची चौकशीही केली.

त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावरून विरला तरी ती उभीच होती. काय विचित्र शांतता वाटली तिला पहिल्यांदा: म्हणजे भीतीचं कारणच नव्हतं. नाक गेलेली बाई या खोलीला हवीच होती. नाक असलेली नको होती. ती जन्मभर इथे बसू शकत होती, तीन काचा समोर ठेवून. मग ती शांतता अंगात मुंग्यांसारखी चढायला लागली. तिने खिडकी उघडली, मिटली. बाटल्यांची जागा बदलली. धाकटी म्हणाली, "ताई, बसा ना," आणि ती बसली, आणि पुन्हा उठली. साहेब म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. तक्रार नव्हती. सासूबाईंनी तरी कुठे केली होती इतके दिवस? प्रत्येकाला वाटलं, आपलंच नाक. आणि नवऱ्याला वाटलं, आपणच.

पिंप संध्याकाळच्या पाळीआधी आलं. धाकटीने बाटली कोमट केली, ओळीत ठेवली. खाली कढयांखालचा जाळ मोठा केल्याचा आवाज आला. धाकटीने पहिल्या दोन हुंगल्या आणि तिसरी उचलली, आणि थोरलीने बाटलीकडे न बघता तिच्या गळ्याकडे बघितलं. गळा एकदा वर गेला आणि खाली आला, ओकारी परतवावी तसा. डोळे बाटलीवरच राहिले. मग नियमाप्रमाणे तिने बोलायला तोंड उघडलं.

"थांब," थोरली म्हणाली. "आज मी आधी."

"ताई, साहेब आत्ताच..."

"ऐकलंय मी."

खाली किती बायका असतील, त्यांची घरं कुठल्या गल्लीत असतील, कोण आज पाव घेऊन जाणार होती, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी आलं, आणि त्यांच्यातच तिचं स्वतःचं घरही होतं, खिडकीशी बसलेला तो. नाही म्हटलं तर उद्या आपण काय खायचं, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. उत्तर नसतानाच तिने तिसरी बाटली धाकटीच्या हातातून काढून घेतली. नाकाशी नेली नाही.

"खवट," ती म्हणाली.

धाकटी मान खाली घालून उभी होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"खवट," धाकटी म्हणाली. ऐकू येईल न येईल असं, पण म्हणाली.

थोरलीने झडप उघडली. वाफ तोंडावर आली, ओली आणि गरम, आणि तिच्यात काहीच नव्हतं.

"सोडू?" मुकादमाने वर बघितलं.

"परत पाठवा."

"काय?"

"पिंप परत. जाळ काढा."

मुकादम कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आज त्याला थट्टा सुचली नाही. "बाई, सगळी पाळी उभी आहे इथे. नक्की का? येतोय का वास तुम्हाला इतका?"

"येतोय," ती म्हणाली.

तो वळला. जाळाचा आवाज हळूहळू बसत गेला. एकेक मान वर व्हायला लागली. एका बाईने अंगावरचं कामाचं फडकं सोडलं, पालथ्या खोक्यावर बसून त्याची घडी घातली, घडी मनासारखी झाली नाही म्हणून ती मोडून पुन्हा घातली. कोणी शिवी दिली नाही.

"ताई," धाकटी मागून म्हणाली, "झडप लावून घ्या ना."

तिने लावली नाही. कोण म्हणालं ते ज्याला पाहायचं असेल त्याला खालून नीट दिसावं, म्हणून ती चेहरा झडपेत ठेवून तशीच उभी राहिली.